इंदापूरला स्टेशन नाही, बारामतीची छोटी गाडी गेली... मग कोथरूडच्या त्या खोलीत काय बघायचं?

मोबाइलमध्ये रेल्वेचं ॲप उघडा आणि स्टेशनच्या जागी 'इंदापूर' टाका. स्टेशन लगेच सापडतं. फक्त ते निघतं रायगड जिल्ह्यात, कोकण रेल्वेवर. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर शहराला रेल्वे स्टेशनच नाही. तालुक्यातून मुंबई-सोलापूर लाइन जाते, भिगवणला स्टेशन आहे, पण शहरातल्या माणसाला गाडी पकडायची तर आधी एसटी पकडावी लागते.

शेजारच्या बारामतीची गोष्ट वेगळी. तिथं स्टेशन आहे, पण लाइन पुढे जात नाही. दौंडहून सुटलेली गाडी शिरसाई, कटफळ करत बारामतीला येते आणि आल्या वाटेने परत जाते. ही लाइन १९१४ साली सुरू झाली तेव्हा नॅरोगेज होती. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस आला, गूळ आला, बाजारपेठ वाढली, आणि त्या बाजारपेठेला मेन लाइनशी जोडायला ही छोटी गाडी. पुढे लाइन ब्रॉडगेज झाली आणि छोटी गाडी इतिहासजमा झाली.

आता बारामतीत 'प्रदर्शन' म्हटलं की लोकांना जानेवारीतलं 'कृषिक' आठवतं. रेल्वेच्या मॉडेलचं प्रदर्शन बघायचं असेल तर पुणं गाठावं लागतं. तिथं कोथरूडला, कर्वे रस्त्याजवळ जी. ए. कुलकर्णी पथावर 'जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम' आहे. बारामती-इंदापूरकडची बरीच मंडळी सुट्टीत पुण्याला येतात, शनिवारवाडा बघतात, पेशवे उद्यानात फुलराणीत बसतात आणि परत जातात. इथपर्यंत येणारे कमी. आणि जे येतात त्यातले बरेच जण 'मस्त खेळणी आहेत' म्हणून बाहेर पडतात, कारण नक्की काय बघायचं हे कुणी सांगितलेलं नसतं.

तर तेच समजून घेऊ.

आधी एक गोंधळ मिटवू. फुलराणी ही मॉडेल रेल्वे नाही. १९५६ साली सुरू झालेली फुलराणी ही लहान मुलांना बसवून नेणारी गाडी आहे. माथेरानची गाडीही मॉडेल नाही. लोक तिला टॉय ट्रेन म्हणतात, पण ती तिकीट घेऊन जाणारी खरी रेल्वे आहे, फक्त अरुंद रुळांची. मॉडेल रेल्वे म्हणजे खऱ्या रेल्वेचा ठरावीक प्रमाणात छोटा केलेला अवतार. तिच्यात बसता येत नाही, पण बाकी सगळं हिशेबात असतं. इंजिन जितक्या पटीने लहान, तितक्याच पटीने फलाट, सिग्नल, खांब आणि फलाटावर उभा असलेला माणूसही लहान.

हे म्युझियम उभं केलं भाऊसाहेब जोशी यांनी. छोट्या गाड्यांचा नाद असलेला माणूस. परदेशांतल्या मॉडेल रेल्वे बघितल्यावर आपल्याकडे लोकांना हे दिसलं पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. सुरुवातीला त्यांनी तात्पुरती प्रदर्शनं भरवली. पण मॉडेल रेल्वेचं प्रदर्शन भरवणं म्हणजे लग्नाचा मांडव घालण्यासारखं नसतं. रूळ जोडायचे, शेकडो वायरी जोडायच्या, आणि प्रदर्शन संपलं की सगळं सोडवून परत न्यायचं. प्रवासात एक सांधा मिलीमीटरभर हलला तरी गाडी तिथं घसरते. शेवटी कायमची जागा करायचं ठरलं आणि १ एप्रिल १९९८ रोजी हे म्युझियम लोकांसाठी खुलं झालं. तारीख एक एप्रिलची असली तरी प्रकरण गंभीर होतं.

आत गेल्यावर एका खोलीत अख्खं शहर मांडलेलं दिसतं. वाफेची इंजिनं, डिझेल, इलेक्ट्रिक, बुलेट ट्रेन, वरच्या पट्टीला लटकून जाणारी गाडी. किल्ला आहे, सर्कस आहे, पोहण्याचा तलाव आहे, गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर आहे. साठेक सिग्नल आहेत. शो साधारण अर्ध्या तासाचा असतो, आणि त्यात एका टप्प्यावर खोलीतले दिवे मंद होऊन शहरावर रात्र होते. घरांतले, रस्त्यावरचे, डब्यांतले बारीक दिवे लागतात. पोरं इथं हमखास ओरडतात. मोठी माणसं मोबाइल काढतात.

पण खरी गंमत मोबाइल खिशात ठेवल्यावर सुरू होते.

८७ ने भागा

जगात सगळ्यात जास्त चालणारं मॉडेलचं प्रमाण म्हणजे 'एचओ'. याचा अर्थ १ ला ८७. खऱ्या वस्तूचं माप ८७ ने भागायचं. साडेपाच फुटी माणूस दोन सेंटीमीटरच्या आतबाहेर होतो. आपल्याकडचा जुना निळा डबा साधारण २१ मीटर लांबीचा, तो होतो साधारण चोवीस सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. नावातला 'एच' हा 'हाफ'चा. आधी 'ओ' नावाचं मोठं प्रमाण होतं, त्याच्या निम्मं म्हणून हाफ ओ.

आता दौंड-बारामती लाइन घ्या. लांबी सुमारे ४४ किलोमीटर. ८७ ने भागली तर ५०५ मीटर. म्हणजे ही लाइन एचओ प्रमाणात तंतोतंत करायची तर अर्धा किलोमीटर लांब हॉल लागेल. कुणाकडेच तो नसतो. त्यामुळे मॉडेल करणारा पहिल्या दिवसापासून एकच काम करत असतो, काय ठेवायचं आणि काय गाळायचं. स्टेशन ठेवायचं, मधली माळरानं गाळायची. पुलाच्या दहा कमानी असतील तर चार दाखवायच्या, पण अशा की बघणाऱ्याला तो पूल ओळखू यावा.

वेगाचंही तेच. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी एचओ प्रमाणात सेकंदाला फक्त ३२ सेंटीमीटर जायला हवी. म्हणजे जेमतेम एक फूट. घरी आणलेला सेट पोरं ज्या वेगाने पळवतात, तो खऱ्या हिशेबात विमानाचा वेग असतो. म्हणून कोणतंही मॉडेल बघताना पहिली परीक्षा ही की गाडी सुटताना आणि थांबताना किती हळू चालते. हळू चालणं हे पळण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण कमी वेगात रुळावरचा धुळीचा एक कणही इंजिनाला थांबवतो.

रुळांची भानगड, आणि बारामतीचा फायदा

भारतातल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर आहे. युरोप-अमेरिकेतलं १४३५. एचओचे बाजारात मिळणारे रूळ १६.५ मिलीमीटरचे असतात, म्हणजे युरोपच्या मापाचे. भारतीय ब्रॉडगेज खरोखर ८७ ने भागली तर १९ मिलीमीटरहून थोडी जास्त येते. तसे रूळ तयार मिळत नाहीत. त्यामुळे भारतीय इंजिनाचं एचओ मॉडेल तयार रुळांवर उभं केलं की ते किंचित बारीक पायांवर उभं असल्यासारखं दिसतं. हौशी लोक ही तडजोड डोळे मिटून स्वीकारतात, आणि ते बरोबरच आहे. नाहीतर आयुष्य रूळ घडवण्यातच जायचं.

दुसरी अडचण वळणाची. भारतीय ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचं वळण चालतं, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. ८७ ने भागा, दोन मीटर. गाडी वळवून परत आणायची तर चार मीटर रुंद टेबल हवं. टू बीएचके फ्लॅटमध्ये हे होत नाही. म्हणून मॉडेलमध्ये वळणं खऱ्यापेक्षा फारच तीव्र ठेवतात आणि मग लांब डबे वळणावर विचित्र बाहेर डोकावतात. कोथरूडलाही वळणावर नजर ठेवा, लगेच दिसेल.

आता बारामतीच्या जुन्या गाडीचं बघू. तिचं गेज ७६२ मिलीमीटर. ८७ ने भागलं की ८.७६, म्हणजे जवळपास ९. आणि ९ मिलीमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात! 'एन' नावाच्या आणखी छोट्या प्रमाणासाठी ते बनतात. नॅरोगेजला वळणही ४० अंशांपर्यंत चालतं, म्हणजे ४४ मीटर त्रिज्या, मॉडेलमध्ये अर्धा मीटर. थोडक्यात, जे माप ब्रॉडगेजला कुठेच नीट बसत नाही, ते बारामतीच्या जुन्या छोट्या गाडीला जवळपास जसंच्या तसं बसतं. डबेही आखूड, गाडीही आखूड. एका दाराएवढ्या फळीवर स्टेशन मावतं.

दुसरा फायदा बारामती शेवटचं स्टेशन असल्याचा. ब्रिटनमध्ये मॉडेल रेल्वे करणाऱ्यांचा कित्येक वर्षांचा आवडता विषय म्हणजे एखाद्या फाट्यावरच्या लाइनचं शेवटचं छोटं स्टेशन. कारण सरळ आहे. मधल्या स्टेशनावर गाडी येते, थांबते, जाते. शेवटच्या स्टेशनावर इंजिनाला काम असतं. गाडी आली की इंजिन सोडायचं, बाजूच्या लूप लाइनने उलट न्यायचं, दुसऱ्या टोकाला जोडायचं. मालाचा एखादा डबा मालधक्क्याला लावायचा, भरलेला डबा काढायचा. सांधे बदलायचे. अर्धा तास कसा जातो कळत नाही. रूळ पुढे भिंतीआड जातात, तिथं एक झाकलेली जागा असते, तेच दौंड समजायचं.

वीज जाते कुठून?

शोच्या वेळी पोरं विचारतात, 'गाडीत सेल आहेत का?' बहुतेक वेळा नसतात. वीज रुळांतूनच येते. एका रुळात धन, दुसऱ्यात ऋण, साधारण १२ व्होल्ट. एका बाजूची चाकं एका रुळाची वीज घेतात, दुसऱ्या बाजूची दुसऱ्या रुळाची, आणि मधली मोटर फिरते. दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीने वेगळी ठेवलेली असतात. व्होल्ट वाढवले की वेग वाढतो. धन-ऋणाची अदलाबदल केली की गाडी मागे येते.

मग एकाच रुळावर दोन गाड्या कशा? रुळांचे तुकडे पाडतात आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं बटण देतात. या तुकड्यात गाडी आहे तर मागच्या तुकड्याची वीज बंद, मागची गाडी आपोआप थांबते. हेच तत्त्व खऱ्या रेल्वेचं आहे. दोन स्टेशनांमधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी, तिला 'ब्लॉक' म्हणतात. एकेरी लाइनवर ड्रायव्हरच्या हाती टोकन असल्याशिवाय गाडी सुटत नसे, तेही यासाठीच. कोथरूडचं कंट्रोल पॅनल बघताना गाड्यांऐवजी थोडा वेळ तिथली बटणं आणि सिग्नल यांची जोडी लावून बघा. गाडी पुढे गेल्यावर मागे काय लाल होतं? शाळेत विजेचा धडा शिकलेल्या आठवीच्या मुलाला हे पाच मिनिटांत कळतं.

हल्ली दुसरी पद्धतही आहे. रुळांत कायम वीज ठेवायची आणि प्रत्येक इंजिनात एक चिप बसवायची. चिपला नंबर असतो. पॅनलवरून '७ नंबर, हळू चाल' असा संदेश रुळांतूनच जातो आणि फक्त ७ नंबरचं इंजिन ऐकतं.

एक कोडं घरी नेण्यासारखं आहे. समजा रूळ गोल फिरून परत स्वतःलाच येऊन मिळाले, गाडी उलट तोंडाने परत यावी म्हणून. तर डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो, धन-ऋण एक होतात आणि शॉर्टसर्किट. मॉडेल करणारा प्रत्येक जण आयुष्यात एकदा तरी ही चूक करतो. अशा कोड्यांतूनच एक मोठी गोष्ट घडली. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९४६ साली विद्यार्थ्यांचा मॉडेल रेल्वे क्लब निघाला. त्यातला एक गट रंग आणि डोंगर करायचा, दुसरा गट टेबलाखाली बसून टेलिफोनच्या जुन्या रिलेंनी सिग्नल चालवायचा. या टेबलाखालच्या मंडळींनी 'हॅक' हा शब्द त्यांच्या अर्थाने वापरायला सुरुवात केली आणि मग ते कॉम्प्युटरकडे वळले. आज आपण ज्यांना हॅकर म्हणतो, त्या शब्दाचं एक मूळ रेल्वेच्या टेबलाखाली आहे.

जगातलं सगळ्यात गाजलेलं मॉडेल जर्मनीत हॅम्बर्गला आहे, 'मिनिएटूर वुंडरलांड'. ब्राउन नावाच्या जुळ्या भावांनी २००१ साली ते सुरू केलं. १५ किलोमीटरहून जास्त रूळ, शिवाय उडणारी विमानं. त्याचे व्हिडिओ तुम्ही नक्की बघितले असतील. त्यापुढे कोथरूडची खोली लहान वाटेल. पण हॅम्बर्गला व्हिसा लागतो, कोथरूडला स्वारगेटहून बस मिळते.

इंदापूरच्या शेजारची गाडी जी आधी इंग्लंडमध्ये दाखवली गेली

छोट्या गाडीचं प्रदर्शन आणि आपला भाग यांचा एक जुना संबंध आहे. इंदापूरच्या पूर्वेला भीमा ओलांडली की कुर्डुवाडी. तिथून १८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. त्याचं म्हणणं असं की गरीब भागात रेल्वे न्यायची तर ती हलकी हवी. कोणत्याही चाकजोडीवर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, म्हणजे रूळ हलके चालतील, खर्च कमी येईल. गेज तेच, अडीच फूट. लोकांचा विश्वास बसेना. म्हणून गाड्या जहाजात चढवण्याआधी त्याने इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीचे रूळ टाकले आणि रेल्वेतल्या जाणकारांना बोलावून इंजिन आणि डबे चालवून दाखवले. आधी प्रदर्शन, मग बार्शी.

पुढे ही लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत वाढली. वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या तिच्यातून पंढरीला गेल्या. १९५४ साली ती सरकारने घेतली आणि नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

याच कॅलथ्रॉपने पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची लाइन बांधली. त्याच अडीच फुटी गेजची, बार्शीच्या अनुभवावर बेतलेली. इंजिनांवर चक्क भारतातल्यासारखे मोठे हेडलाइट. १९०४ ला सुरू झाली, १९३४ ला बंद पडली. फक्त तीस वर्षं चालली. पण तिथल्या हौशी लोकांनी तिचे फोटो, नकाशे, मापं इतकी जपली की आजही ब्रिटनमधल्या प्रदर्शनांत या लाइनची मॉडेलं दिसतात. डब्यांचा पिवळा रंग नेमका कसा होता यावर वाद घालणारे लोक आहेत. बार्शीची धाकटी बहीण मेल्यावरही अशी जिवंत आहे.

मॉडेल करायला लागतं ते एवढंच. स्टेशनच्या इमारतीचे दोन-तीन बाजूंनी फोटो. दारं-खिडक्यांची मापं. इंजिनावरचा नंबर. फलाटाची लांबी. पाण्याची टाकी कुठे होती, गुळाच्या ढेपा कुठे चढायच्या. दौंड-बारामती लाइनच्या बाबतीत ही माहिती जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या घरात, अडतीच्या दुकानात टांगलेल्या फ्रेममध्ये, लग्नाच्या अल्बममध्ये मागे दिसणाऱ्या डब्यात सापडू शकते. फोटोत नवरानवरी बघायची सोडून मागचा डबा बघायचा. एक माणूस आत उभा असला की त्याच्या उंचीवरून दाराची उंची काढता येते.

इंदापूरकरांकडे तर मॉडेलचा विषय पाण्यात उभा आहे. भिगवणजवळ डिकसळला भीमेवर इंग्रजांच्या काळातला दगडी रेल्वे पूल आहे. पुणे-सोलापूर लाइन १८६० साली पूर्ण झाली, त्या मार्गावरचा. उजनी धरण झालं, बॅकवॉटर पसरलं आणि रेल्वेचा मार्ग हलवावा लागला. जुना पूल मग रस्त्याला मिळाला. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांना जोडणारा पूल म्हणून त्यावरून कित्येक वर्षं गाड्या गेल्या, अलीकडे त्याची पडझडही झाली. फ्लेमिंगो बघायला आलेले लोक त्याचा फोटो काढतात, पण कमानी मोजत नाहीत. कमानीची रुंदी, खांबाची जाडी, दगडांचे थर आज टेपने मोजता येतात. पडलेल्या कमानीचे येत नाहीत. (पुलावर नको, काठावर उभं राहून मोजा.)

जायचं कसं?

बारामतीहून पुण्याला दौंडमार्गे रेल्वे आहे, आणि मॉडेल बघायला रेल्वेने जाण्यात वेगळी मजा आहे. वाटेत दौंडला यार्ड दिसतं, सांधे दिसतात, सिग्नल दिसतात. तेच नंतर ८७ पटीने लहान बघायचं असतं. फक्त गाड्या मोजक्या, वेळापत्रक आधी बघा. इंदापूरहून सोलापूर हायवेने एसटी थेट स्वारगेटला सोडते. तिथून कोथरूडकडे पीएमपी.

म्युझियमला जाण्याआधी फोन करून शोची वेळ विचारा, कारण हे येता-जाता बघण्याचं दालन नाही, ठरावीक वेळेचा शो आहे. लहान पोरांना पुढे बसवा. टेबलावर हात टेकवू देऊ नका, तेल लागलेलं बोट रुळाला लागलं की तिथं वीज अडते. आणि शो संपल्यावर चालवणाऱ्यांना प्रश्न विचारा. आज कोणतं इंजिन बिघडलं होतं, हा प्रश्न विचारलात तर उत्तर हमखास लांबतं.

बारामतीच्या बाबतीत थोडी घाईही आहे. लोणंद ते फलटण लाइन झाली आहे आणि फलटण ते बारामती हा ३७ किलोमीटरचा तुकडा मंजूर आहे. तो जोडला गेला की बारामती शेवटचं स्टेशन राहणार नाही. दौंडहून आलेली गाडी थांबेल आणि पुढे फलटणकडे निघून जाईल. रूळ जिथं संपतात तिथला तो बंपर, त्यामागची झाडं आणि इंजिन उलटं नेण्याची ती लूप लाइन, यांचे फोटो काढायचे असतील तर ते आत्ताच.